शाळेच्या खोलीतील हवा
(शिक्षक, उपदेशक व पालक ह्यांच्याकरिता एक धडा)

सकाळी शाळेची खोली झाडून होते न होते तोच कौलांच्या फटीतून उन्हाची एखादी तिरीप आत येते, आणि त्या तिरिपेत असंख्य कण नाचताना दिसतात. लहान मुले ते मुठीत धरू पाहतात. आम्हीही लहानपणी तसे केले आहे. तिरीप सरली की कण दिसेनासे होतात, आणि हवा पुन्हा स्वच्छ झाली असे आपणांस वाटते. वस्तुतः हवा जशीच्या तशीच असते. ती पाहण्याचे साधन मात्र नाहीसे झालेले असते. हे कण काय आहेत, ते कोठून येतात, आणि आपल्या मुलांच्या छातीशी त्यांचा काय संबंध आहे, ह्याचा विचार ह्या धड्यात करावयाचा आहे.

हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेत शिकवीत होतो. खोली एकच, मुले चाळिसांच्या वर. सकाळी मुले जमली की खोली झाडण्याचे काम आम्ही एका मुलाकडे दिले होते. तो सर्वांत आज्ञाधारक, म्हणून तो मान त्याचा. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून आम्ही खिडक्या लावून घेत असू, आणि त्या बंद खोलीत तो मुलगा कोरड्या केरसुणीने झाडीत असे. श्रावणात त्याला खोकला लागला. पुढे रात्रीची धाप लागू लागली. आईने काढे दिले. "गारठ्याचा खोकला आहे, जाईल," असे आम्हीही तिला सांगितले. शेवटी ती त्याला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, आणि औषध लिहिण्यापूर्वी विचारले, "हा मुलगा दिवसभर बसतो कोठे, आणि तेथे झाडतो कोण?"

आईने आम्हांस दोष दिला नाही. "गुरुजी, त्याला झाडायला लावू नका, एवढंच," इतकेच ती म्हणाली. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मुलाला दमा होता, आणि तो तुमच्या केरसुणीने झाला असे डॉक्टरांनी म्हटले नव्हते. तथापि दमेकरी मुलाच्याच हाती केरसुणी देऊन, खिडक्या लावून, आम्ही त्याला रोज धुळीत उभे करीत होतो, आणि ह्यालाच शाळेची स्वच्छता म्हणत होतो. अज्ञानाने केलेली गोष्ट म्हणून तिचे परिणाम थांबत नाहीत. जे आम्ही उशिरा शिकलो ते आपण लवकर शिकावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

हवेत काय असते?

इ. स. १८७० मध्ये लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल ह्या शास्त्रज्ञाने आपल्याच तिरिपेचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखविला. काळोखात त्याने प्रखर प्रकाशाचा एक झोत सोडला. त्यात धूळ लखलखू लागली. झोताखाली त्याने ज्योत धरली, तेव्हा तिच्या वरच्या भागात काळी पोकळी दिसली, कारण तेथील धूळ जळून गेली होती. ह्यावरून त्याने असे अनुमान काढिले की, ती धूळ केवळ मातीची नसून बव्हंशी जळण्याजोगी, म्हणजे सजीवांपासून आलेली, आहे. मग त्याने काचेच्या नळीतून त्या झोतात आपला श्वास सोडला. आरंभीच्या श्वासात धूळ दिसली. परंतु श्वासाचा शेवटचा भाग, जो छातीच्या तळातून येतो, तो झोतात काळा दिसला. त्यात धूळ नव्हती. वाचकहो, ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. श्वासाबरोबर धूळ आत गेली होती. ती बाहेर आली नाही. छातीने ती गाळून घेतली. मुलाची छाती ही त्या खोलीची चाळणीच होय.

ह्या धुळीत सूक्ष्म जीव असतात हे त्यापूर्वीच, इ. स. १८६० च्या सुमारास, फ्रान्समध्ये लुई पाश्चर ह्याने सिद्ध केले होते. पौष्टिक रस काचेच्या कुप्यांत भरून, उकळून, त्याने त्यांची तोंडे बंद केली. मग निरनिराळ्या ठिकाणी त्या क्षणभर उघडून, तेथील हवा आत घेऊन, पुन्हा बंद केल्या. जुरा पर्वताच्या पायथ्याशी उघडलेल्या २० कुप्यांपैकी ८ कुप्यांतील रस बिघडला. पर्वतावर २० पैकी ५ कुप्यांतील, आणि आल्प्समधील हिमनदीपाशी २० पैकी एकाच कुपीतील. पॅरिसच्या वेधशाळेच्या अंगणात उघडलेल्या ११ च्या ११ कुप्या बिघडल्या. त्याच वेधशाळेच्या तळघरात, जेथील हवा निश्चल होती व धूळ खाली बसली होती, तेथे १० पैकी एकच बिघडली. तात्पर्य, हवा सर्वत्र सारखी नसते. जेथे धूळ उडते तेथे जीवही उडतात.

हे जीव मुख्यत्वे दोन प्रकारचे आहेत. पहिले जंतू, ज्यांस बॅक्टेरिया म्हणतात. ह्यांतील पुष्कळ जंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे एक मायक्रॉनच्या आसपास, असतात. ते माणसाची कातडी, नाक, तोंड व पायांखालची माती ह्यांतून येतात. दुसरी बुरशी. तिचे बीजकण बहुधा दोन ते दहा मायक्रॉनचे असून ते कुजलेला पाचोळा, ओल्या भिंती व भिजलेले धान्य ह्यांवरून उडतात. दहा मायक्रॉनचा कण निश्चल हवेत दोन मीटर उंचीवरून खाली यावयास सुमारे ११ मिनिटे लागतात. परंतु एक मायक्रॉनच्या कणाला १५ तासांहून अधिक वेळ लागतो. झाडल्यावर पाच मिनिटांनी धूळ बसली असे जे आपण म्हणतो, ते किती चुकीचे आहे ते ह्यावरून दिसेल.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. हवेतील प्रत्येक जीव शत्रू नव्हे. दूध विरजते ते जंतूंमुळेच; आणि इ. स. १९२८ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांच्या बशीत शिरलेल्या बुरशीनेच पेनिसिलिनचा मार्ग दाखविला. इ. स. १८७३ च्या सुमारास डॉ. कनिंगहॅम ह्यांनी कलकत्त्यातील तुरुंगांच्या आवारात हवेची तपासणी केली. बुरशीचे बीजकण त्यांना जवळजवळ नेहमीच आढळले. परंतु त्यांच्या कमीअधिक होण्याशी तेथील रोगांच्या कमीअधिक होण्याचा मेळ त्यांना आढळला नाही. म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र समजून घेण्याचे कारण आहे. निरोगी मुलाचे शरीर थोड्याफार जीवांचा समाचार घेते. बंद खोली, पुष्कळ मुले, कोरडी धूळ व ओली भिंत अशा चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे भार वाढतो. आणि तो प्रथम दमेकरी, अशक्त व लहान मुलांस जाणवतो.

डंडीच्या शाळांची साक्ष

शाळांतील हवा प्रत्यक्ष मोजण्याचे एक मोठे काम स्कॉटलंडमधील डंडी ह्या शहरी झाले. आपल्या बंगालचा ताग ज्या गिरण्यांत जात असे, तेच हे डंडी. तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक कार्नेली, तरुण शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन व शहराचे आरोग्याधिकारी अँडरसन ह्यांनी गोरगरिबांच्या घरांतील व शाळांतील हवा तपासली, आणि इ. स. १८८७ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. घरांतील हवा घेण्याकरिता ते मध्यरात्रीनंतर, आगाऊ सूचना न देता, एका खोलीत सारे कुटुंब निजलेल्या घरांत जात. मुद्दाम आवरलेले घर नव्हे, तर रोजचे घर त्यांना पाहावयाचे होते.

शाळांच्या बाबतीत त्यांनी दोन प्रकारांची तुलना केली. काही शाळांत यंत्राच्या पंख्याने ताजी हवा आत लोटण्याची सोय होती. इतर शाळांत सर्व भिस्त दारे-खिडक्यांवर होती, आणि त्या थंड देशात खिडक्या लावून घेण्याकडेच कल असावयाचा. ताजी हवा खेळविणाऱ्या शाळांत जंतूंची संख्या दुसऱ्यांच्या मानाने सुमारे दहावा हिस्सा भरली. ह्या हॉल्डेन ह्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन इ. स. १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले व इ. स. १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

आपल्या शाळांस यंत्र मिळेल न मिळेल; परंतु डंडीचा धडा यंत्राचा नाही. खिडकी असणे निराळे, आणि ती उघडी असणे निराळे, हा तो धडा आहे.

हे जीव वर्गात येतात कोठून?

पहिली वाट जमिनीची. अमेरिकेतील संशोधकांनी एका विद्यापीठाच्या वर्गाची हवा तपासून इ. स. २०१२ मध्ये असे प्रसिद्ध केले की, खोलीत बसणाऱ्या प्रत्येक माणसामागे दर तासास सुमारे ३ कोटी ७० लाख जंतूंइतकी भर हवेत पडते. हा हिशेब जिवंत व मृत मिळून जंतूंच्या अंतर्द्रव्यावरून केलेला आहे. ह्यातील मोठा वाटा श्वासाचा नव्हता. पायांनी पुन्हा उडविलेल्या जमिनीवरील जुन्या धुळीचा तो होता. काल, परवा व गेल्या महिन्यात जी मुले तेथे बसली, त्यांची धूळ आजच्या मुलांच्या नाकात जाते. कोरडी केरसुणी हेच काम अधिक जोराने करिते.

दुसरी वाट ओलीची. गळके कौल, भिंतीला टेकलेला बाहेरील मातीचा ढीग, शालेय आहाराची खोलीत रचलेली दमट पोती, ओले बसकर गुंडाळून ठेवण्याची सवय, ही सर्व बुरशीची शेते होत. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २००९ मध्ये ओल व बुरशी ह्यांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात हवेतील बीजकणांची कोणतीही सुरक्षित संख्या ठरवून दिलेली नाही; ओल टिकू देऊ नये, हाच मुख्य उपाय सांगितला आहे. ही सूचना अगदीच नवी आहे असेही नाही. लेवीयाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात भिंतीवरील हिरवट व तांबूस चट्ट्यांविषयी नियम आहेत. घर रिकामे करावे, सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावे, चट्टे पसरले असल्यास ते दगड काढावे, भिंती खरवडून नवा गिलावा करावा, असा तेथील क्रम आहे. चट्ट्यावर नुसता रंग फासण्याची मोकळीक तेथेही नाही.

तिसरी वाट खोकल्याची. वर्गातील पुष्कळसे जंतू निरुपद्रवी असले, तरी क्षयाचा जंतू तसा नाही. रॉबर्ट कॉख ह्यांनी तो इ. स. १८८२ मध्ये जगापुढे मांडला. रोग्याच्या खोकल्यातून व बोलण्यातून निघालेले त्याचे सूक्ष्म कण बंद खोलीत तासन् तास तरंगतात. तैवानमधील ताइपे येथील एका विद्यापीठात क्षयाची साथ आली, तेव्हा २७ रोगी व त्यांच्या सहवासातील १,६६५ लोक ह्यांचा तपास झाला. तेथील गजबजलेल्या वर्गांत श्वासातून येणाऱ्या कार्बन डायॉक्साइड वायूचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत ३,२०० च्या आसपास गेले होते. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते ४०० च्या आसपास असते. हवा खेळती करून ते ६०० च्या जवळ आणिले गेले. इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणे, इतर कारणांचा हिशेब करूनही, हवा सुधारल्यामुळे सहवासातील लोकांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांनी घटले. औषधे हवीतच, पण उघडी खिडकी ही औषधाची सखी आहे.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

सांगितलेले मुले विसरतात. पाहिलेले विसरत नाहीत. कॉख ह्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर हवेतील जंतूंचे ठिपके उगवलेले पाहिले होते. ते आपणांसही पाहता येईल. झाकणाच्या चार काचेच्या बरण्या पाण्यात उकळून घ्या. बटाटे सालीसकट चांगले उकडा. हात धुऊन, उकळलेल्या सुरीने फोडी करून प्रत्येक बरणीत एक ठेवा व लगेच झाकण लावा. पहिली बरणी मुळीच उघडू नका. दुसरी, बंद खोलीत कोरड्या केरसुणीने झाडीत असता पंधरा मिनिटे उघडी ठेवा. त्या वेळी मुले बाहेर असावीत व झाडणाऱ्याने नाकाला फडके बांधावे. तिसरी दुसऱ्या दिवशी, खिडक्या उघडून व पाणी शिंपडून झाडीत असता, तितकाच वेळ उघडी ठेवा. चौथी अंगणात झाडाखाली उघडा. मग सर्व बरण्या बंद करून सावलीत ठेवा, आणि चार दिवसांनी झाकण न काढता काचेतून पाहा.

चकाकणारे, लोण्यासारखे ठिपके बहुधा जंतूंच्या वसाहतींचे. कापसासारखे, हिरवे वा काळे ठिपके बुरशीचे. मुलांना ते मोजू द्या व फळ्यावर आकडे लिहा. न उघडलेल्या बरणीतही कधी ठिपका येतो, कारण बटाट्यावरील मातीतले काही जंतू उकळूनही मरत नाहीत. आणि झाडाखालच्या बरणीत बुरशी पुष्कळ येऊ शकते, कारण तिचे मूळ घर बाहेरच आहे. जे दिसेल तेच लिहावे. हवे ते लिहू नये, हाही ह्या प्रयोगातील एक धडा आहे. शेवटी बरण्या न हुंगता, मोठ्या माणसाने त्या उकळत्या पाण्यात घालाव्या व फोडी पुरून टाकाव्या.

आपण काय करावे?

१. शाळा सकाळी मुलांसमोर झाडू नये. सायंकाळी मुले गेल्यावर झाडावी. आधी पाणी शिंपडावे, फरशी असल्यास ओल्या फडक्याने पुसावी. रात्रीत बसलेली धूळ सकाळी बाकांवरून ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. दमेकरी मुलास हे काम कधीही देऊ नये.

२. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या, म्हणजे वारा एकीतून येऊन दुसरीतून जाईल. पावसाची झड येत असेल तर त्या बाजूची खिडकी लावून दुसरी उघडी ठेवावी. सर्व लावू नयेत. मधल्या सुट्टीत खोली रिकामी करून दारे-खिडक्या सताड उघडाव्या.

३. बसकर व सतरंज्या बाहेर नेऊन, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून झटकाव्या व उन्हात वाळवाव्या. फळा पुसण्याचे फडके वर्गात आपटू नये.

४. भिंतीवर चट्टा दिसला तर आधी ओलीचे मूळ शोधावे: कौल सारखे करावे, बाहेरचे पाणी काढून द्यावे. मग नाकाला फडके बांधून, चट्टा साबणाच्या पाण्याने ओला करूनच घासावा. कोरडा खरवडू नये, कारण त्याने बीजकण उडतात. भिंत पूर्ण वाळल्यावर चुना द्यावा.

५. धान्याची पोती वर्गात ठेवणे भागच असेल, तर ती जमिनीपासून उंच फळीवर व भिंतीपासून दूर ठेवावी. शक्य तर झाकणाच्या पिपात धान्य भरावे. बुरसटलेले धान्य मुलांच्या ताटात जाऊ देऊ नये.

६. ज्याला दोन आठवडे वा अधिक खोकला आहे, मग तो विद्यार्थी असो की स्वतः शिक्षक, त्याने सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध तेथे मोफत आहे. लहान मुलांस क्षय बहुधा मोठ्यांपासूनच होतो, म्हणून खोकणाऱ्या मुलाला हिणवून कोपऱ्यात बसविणे हा अन्याय होय. त्याच्या घरातील मोठ्या माणसांची विचारपूस आधी करावी.

ह्यांपैकी बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही. कौलाला थोडा लागेल. तो गावच्या पंचांनी व पालकांनी मिळून उभा करावा. जी आई उपाशी राहून मुलाची पाटी विकत घेते, ती शाळेवर विश्वास ठेवूनच त्याला तेथे पाठविते. अक्षर देताना आपण त्याचा श्वास काढून घेत नाही ना, हे पाहणे शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे.

तो आमचा विद्यार्थी आज मोठा झाला आहे. दम्याचे औषध जवळ बाळगतो, शेती करितो, आणि त्याची मुलगी त्याच शाळेत जाते. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे गेलो होतो. खिडकी उघडी होती. दारात पाण्याची बादली व ओले फडके होते. "झाडता केव्हा?" असे आम्ही नव्या बाईंना विचारले. "संध्याकाळी, मुलं गेल्यावर," त्या म्हणाल्या, "ह्या मुलीच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं." आम्ही काही बोललो नाही. कौलांच्या फटीतून तिरीप आली होती. तिच्यात कण होतेच, पण थोडे होते.

विचार करण्याकरिता प्रश्न

१. टिंडलच्या प्रयोगात श्वासाचा शेवटचा भाग काळा का दिसला? त्यावरून काय समजावे?
२. पाश्चरच्या कुप्या अंगणात सर्व बिघडल्या व तळघरात एकच बिघडली. ह्याचे कारण काय?
३. आपल्या शाळेत खोली केव्हा झाडतात, कोण झाडतो, आणि त्या वेळी खिडक्या उघड्या असतात काय?
४. आपल्या शाळेच्या कोणत्या भिंतीवर ओल आहे? तिचे मूळ कोठे आहे? ते काढण्याकरिता येत्या महिन्यात कोण काय करील, ते पालकसभेत ठरवा.